बंद जिनांच्या गावांतून : हिंगणघाट ते मूर्तिजापूर

शुक्रवार, हिंगणघाट

नागपूरहून निघताना रिक्षा एम्प्रेस मिलच्या जागेवरून गेली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जमिनीच्या मोठ्या भागावर आता मॉल आणि टोलेजंग इमारती आहेत. गिरणीचं नाव तेवढं मॉलनं ठेवलं. मुंबईतही हेच झालं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीत बांधकामाखालची जमीन वाटणीतून वगळली गेली आणि लोकांच्या पदरात फार थोडं पडलं. शहरात जमिनीला सोन्याचा भाव, तिथं बंद गिरणीचं वाचनालय किंवा नाट्यगृह होणं कठीण, हे मला पटतं. पण जिथं जमिनीला तसा भाव नाही, तिथल्या बंद जिनांचं, म्हणजे कापसातून सरकी (बी) आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांचं, आणि गिरण्यांचं काय होतंय, ते पाहायला ही फेरी काढली.

सोबत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्यभर लाइट सांभाळलेले एक गृहस्थ. मी त्यांना दादा म्हणते. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम सुरू होतो, वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, रात्र रात्र नाटकं. मधले चार रिकामे दिवस काढून ते आले, याचं मला अप्रूप वाटलं.

हिंगणघाटला थेट बाजार समितीच्या यार्डात गेलो. जानेवारी म्हणजे कापसाचा भर. पूर्वी बैलबंड्यांची रांग लागायची, आता ट्रॅक्टर आणि मेटाडोर. या गावचा कापूस 'हिंगणघाट' याच नावानं इंग्रजांच्या काळात ओळखला जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि इंग्रज सरकारची नजर वऱ्हाडाकडे आणि वर्धा खोऱ्याकडे वळली. रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी खास कापूस आयुक्त म्हणून नेमला गेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मग जिन आले, रुईच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेस आल्या, आणि शतक संपायच्या आत हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा इथं कापडाच्या गिरण्याही उभ्या राहिल्या.

बंद जिन पाहण्याआधी चालू जिन पाहायचाच, हा माझा हट्ट होता. यार्डाजवळच्या एका जिनवाल्यानं आत नेलं. डबल रोलरच्या यंत्रांची ओळ. रोलरवर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या, त्यांना टेकून एक स्थिर सुरी आणि खालून वर हलणारी दुसरी. चामडं कापसाचा तंतू धरून ओढतं, सुरी सरकीला अडवते, सरकी जाळीतून खाली पडते आणि रुई पुढं ढगासारखी सरकते. एका क्विंटल कापसात साधारण ३४ किलो रुई, उरलेली बहुतेक सरकी. १७० किलोची एक गठाण. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. नाकावर ओढणी घेऊनही पाच मिनिटांत घसा धरला. इथल्या बाया आठ-आठ तास उभ्या असतात.

शनिवार, वर्धा

मगनवाडीत सकाळ गेली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम इथून सुरू झालं. जागा जमनालाल बजाजांनी दिलेली, धुरा अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांकडे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला जाईपर्यंत इथंच होते. ३० डिसेंबर १९३८ ला त्यांच्याच हस्ते मगन संग्रहालय उघडलं.

पहिल्या दालनात चरखे आहेत, ते सगळेच पाहतात. मला संग्रहालयाच्या मागची बाजू जास्त महत्त्वाची वाटली. खादीचं आणि नैसर्गिक रंगाईचं काम इथली संस्था आजही करते. काचेमागे ठेवलेल्या अवजाराचा वापर काय, हे हातानं करून दाखवणारं माणूस जवळच असतं. दादा म्हणाले, "वस्तू ठेवायची अन् ती वापरणारा माणूस घालवायचा, असं इथं केलं नाही." बंद जिनांबद्दल जे बोलायचं ते इथून सुरू करावं असं मला वाटलं. यंत्र राहिलं आणि ते चालवलेल्या बाया-बाप्यांपैकी कोणी त्याच्याशेजारी नसेल, तर नव्या पिढीला ते लोखंडच वाटणार.

रविवार, आर्वी तालुका

पुलगावला उतरून एसटीनं आर्वीकडे. पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटरची छोटी लाइन होती, १९१७ च्या सुमाराची. कापूस आणायलाच टाकलेली. गाडी केव्हाच थांबली. या पट्ट्यातल्या एका गावात आम्ही उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जागेचे कागद व्हायचे आहेत आणि नावानिशी लिहिलं की भंगारवाले आणि दलाल दोघंही आधी पोचतात.

जिन गावाच्या वेशीवर. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, सागाच्या कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, वर निम्म्या भागात टिन आणि निम्म्यात सिमेंटचे पत्रे. शंभरेक वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं बांधला, नंतर सहकारी संस्थेनं घेतला. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारनंच घ्यायची योजना, सुरू झाल्यावर या आवारात दोन-दोन दिवस बंड्या उभ्या असायच्या, लोक बैलांसकट इथंच झोपायचे. २००२ नंतर ती योजना मोडकळीला आली, गावोगावचे असे जिन बसले. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे गुंडाळायला काढली. आता जागा अवसायकाच्या, म्हणजे ती गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आहे.

गावातल्या काही तरुणांनी आणि बचत गटाच्या बायांनी मिळून गेल्या वर्षापासून इथं साफसफाई सुरू केली आहे. त्यांना काय हवंय ते साधं आहे : स्पर्धा परीक्षेच्या पोरांना अभ्यासिका, गावाला वाचनालय, आणि भजन, दंडार (इकडचं लोकनाट्य), नाटक करायला छप्पर असलेली जागा. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सध्या मारोतीच्या ओट्यावर होते, पावसाळ्यात बंद पडते.

आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती जमिनीखालचा बोगदा. यंत्रांच्या ओळीखालून लांबच लांब शाफ्ट जायचा. एका टोकाला आधी वाफेचं, मग डिझेलचं इंजिन, आणि शाफ्टवरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्र फिरायचं. शाफ्ट जाग्यावर आहे. वरच्या यंत्रांपैकी दोनच उरली, बाकी भंगारात गेली. भिंत कोणी चोरत नाही. लोखंड आणि सागवान आधी जातं. म्हणून अशा जागेत पैसा नसला तरी दोन कामं लगेच करावीत असं माझं स्पष्ट मत आहे. एक, दाराला कुलूप. दुसरं, छताची गळती बंद करणं. सागाची कैची कोरडी राहिली तर पिढ्यान् पिढ्या टिकते, पाणी लागत राहिलं तर जिथं भिंतीत रुतलेली असते तिथूनच सडते.

दादांनी मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आवाज टिनावरून, दगडावरून फिरत राहिला. दुसरी टाळी, मग एक संवाद म्हटला, पाठीमागच्या पोरांना शब्द कळले नाहीत. "नाटक नाही होत इथं. आवाज आवाजावर चढते," दादा म्हणाले. तोंडं उतरली सगळ्यांची.

दारात बसलेली एक आजी, सत्तरीच्या पुढची, उठून आत आली. ती याच जिनात कामाला होती. म्हणाली, "रिकामा हाय म्हून घुमते जी. रुई भरली असली अन् मशीन बंद असली, तं इथून हाक मारली तरी तिथी आयकू नोहती येत."

दादा एकदम थांबले. मग हसले आणि तिच्या पाया पडले. रुई आवाज पिते, हे त्यांना माहीत होतंच. पण हा जिन कापसानं भरलेला असतानाचा आवाज त्या आजीनं ऐकला होता. प्रेसच्या कोपऱ्यात जुन्या बारदानाचा ढीग पडला होता. पोरांनी तो उन्हात झटकला, नॉयलॉनच्या दोरीनं कैच्यांच्या खाली आडवा टांगला, थोडा मागच्या भिंतीवर सोडला. संध्याकाळी एका मुलीनं पेपरातली बातमी वाचली आणि शेवटच्या दगडापाशी उभी असलेली मी ती शब्दन् शब्द ऐकली. दादांनी लगेच बजावलंही, की हा नुसता अंदाज आहे, कायमचं करताना बारदानाला आग न लागणारा लेप पाहिजे, दिवे एलईडीच, आणि दिव्यापासून हातभर अंतर.

आगीची गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. कैच्यांच्या खाचांत अजून रुईचे पुंजके आहेत, फरशीत तेल मुरलंय. शिवाय जुन्या रोलरच्या चामड्याला क्रोमियमनं कमावलेलं असायचं. त्याची भुकटी वर्षानुवर्षं फटींत साचलेली. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, तुटका पत्रा हातानं फोडून काढला की तंतू फुप्फुसात जातात. झाडूनं कोरडं झाडायचं नाही, आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला चांगला मास्क, पत्रे न फोडता उतरवायचे. पोरं उत्साहात नुसत्या रुमालावर काम करत होती. मी रागावले, दादाही रागावले. अभ्यासिका दोन महिने उशिरा झाली तर चालेल.

सोमवार, तेच गाव

काल रात्री सरपंचबाईंच्या ओसरीत जेवण झालं, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर संत्री. गप्पा मध्यरात्रीपर्यंत. आज सकाळी पुन्हा जिनात, यावेळी प्रेसच्या इमारतीत.

प्रेस म्हणजे रुईची गठाण बांधायची जागा. उंच, दुमजली, मध्ये खड्डा, त्यात दाबयंत्र. रुई वरून पेटीत टाकायची, खालून दाब द्यायचा, लोखंडी पट्ट्या आवळायच्या. दाबयंत्र गेलंय, खड्डा आहे. कालची आजी उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. मी आत बोलावलं तर म्हणाली, "बाईमाणसाले इथी येऊ नोहते देत." मला वाटलं रूढी असेल. निघाला कायदा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २७ व्या कलमात होतं, की कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस पिंजणारं ओपनर यंत्र चालू असेल त्या भागात बाईला किंवा मुलाला कामाला ठेवायचं नाही. हेतू सुरक्षेचा. पण प्रेसची मजुरी जिनापेक्षा बरी असायची, असं तिनं सांगितलं, आणि ती तिला कधी मिळाली नाही.

ती आत आली. खड्ड्याच्या कडेनं हळूहळू फिरली, वर पाहिलं, खाली पाहिलं. बाहेर आल्यावर बचत गटाच्या बायांना म्हणाली, "हे आपल्याले मागा." दुपारच्या बैठकीत तेच ठरलं. जिनाचं मोठं छप्पर नाटक-भजनाला, कारकुनाच्या खोल्या वाचनालय आणि अभ्यासिकेला, आणि प्रेस बायांची. तिथं काय करायचं यावर मात्र खूप भांडण झालं. एकीला शिलाई, एकीला पापड-कुरडया, एका तरुण पोरीला कराटे. एका गृहस्थानं सुचवलं, की लग्नाचं मंगल कार्यालय करू, भाडं येईल, पैशाचा प्रश्न सुटेल. त्यांचं चूक नव्हतं. पण हंगामात महिनाभर हॉल अडकला तर पोरांनी वाचायचं कुठं, असं सरपंचबाईंनी विचारलं. शेवटी वऱ्हाड उतरायला आवार द्यायचं, छप्पर द्यायचं नाही, यावर मांडवली झाली.

मला या बैठकीत ब्राझीलची एक जागा आठवली आणि मी ती सांगितली. साओ पाउलोत लोखंडी पिंपांचा एक जुना कारखाना होता. लीना बो बार्डी या वास्तुकार बाईंकडे तो नवीन केंद्रासाठी आला. त्या पाहायला गेल्या तेव्हा सुटीच्या दिवशी लोक आपणहून तिथं पोरांना घेऊन जमत होते, खेळत होते. बाईंनी छपरं पाडली नाहीत. जे चाललं होतं तेच सोयीचं केलं, आणि वाचनालय, कार्यशाळा, नाट्यगृह त्यात बसवलं. १९८२ मध्ये ते सुरू झालं. आपल्या जिनात आधीच पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारे उन्हाला बसतात, बकऱ्या बांधल्या जातात. क्रिकेट आणि ऊन नकाशात आलं पाहिजे. बकऱ्यांना दुसरी जागा शोधू, असं सरपंचबाई म्हणाल्या.

दुपारी कारकुनाच्या खोलीत एक लोखंडी पेटी उघडली. वाळवीनं कडा खाल्लेली हजेरीपत्रकं. बायांच्या नावांसमोर निळसर अंगठे, काही इतके फिके की रेषा दिसत नाहीत, काही इतके ठसठशीत की मोजता याव्यात. एका पानावर आजीनं स्वतःचा अंगठा ओळखला. वाचता येत नाही तिला, नाव नातवानं वाचून दाखवलं. ती पानावर हात ठेवून बराच वेळ बसली, मग म्हणाली, "इच्यात माही बहीण बी आसन. पाय."

नातू अजून एकेक पान उलटत होता, तेवढ्यात आमची एसटी आली.

मंगळवार, अचलपूर

आर्वीहून कौंडण्यपूरच्या बाजूनं अमरावती, तिथून परतवाडा. सगळा दिवस प्रवासात गेला, तुरी आणि संत्र्याच्या बागा बघत.

अचलपूरला मी ज्या अपेक्षेनं गेले होते ती तासाभरात बदलली. मुंबईत फिनले नावाची गिरणी होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं ती इथं आणली, नवी यंत्रं लावली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या थांबल्या, त्यात हीही. फाटकाबाहेर भेटलेल्या कामगारांना मी संग्रहालय, सांस्कृतिक केंद्र वगैरे बोलायला लागले तेव्हा एकानं हात जोडले. "ताई, आमची गिरणी मेली नाही. तिचं म्युझियम नका करू."

मी वही मिटली. आर्वीकडच्या जिनात परत कापूस येणार नाही हे गावाला माहीत आहे, म्हणून तिथं नाटकाची गोष्ट गोड लागते. इथं लोक अजून भोंग्याची वाट पाहतात, त्यांचे पगाराचे आणि देण्याचे प्रश्न उभे आहेत. अशा ठिकाणी कलेची भाषा घेऊन जाणं म्हणजे मालकाच्या बाजूनं बोलल्यासारखं होतं, हेतू कितीही चांगला असला तरी. काम करणाऱ्याचा हिशेब आधी चुकता व्हावा, गिरणी चालवता येत असेल तर चालवावी, आणि मग उरलेल्या जागेचं बोलावं. हा क्रम मी यापुढं कुठंही सोडणार नाही.

रात्री दादांना वडशाहून फोन आला, परवा प्रयोग. ते पहाटेच्या गाडीनं गेले.

बुधवार, मूर्तिजापूर

अंजनगाव, दर्यापूर करत एकटीच मूर्तिजापूरला. इथं शकुंतलेचं, म्हणजे वऱ्हाडातल्या छोट्या लाइनच्या गाडीचं जंक्शन. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनवर आणण्यासाठी हा मार्ग उभारला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं. आता गाडी बंद आहे.

स्टेशनात फार थांबले नाही. काम वेगळं होतं. छोट्या लाइनवर नोकरी केलेले एक काकाजी भेटले. गठाणी कुठल्या स्टेशनात किती चढायच्या, हमालांच्या टोळ्या कोणत्या गावच्या, कुणाच्या जिनचा माल वेळेवर यायचा आणि कुणाचा नाही, सगळं त्यांच्या तोंडपाठ. कारंजा, दारव्हा, अंजनगाव, पथ्रोट, एकेक नाव घेत ते दोन तास बोलले. मी सगळं रेकॉर्ड करून घेतलं. हा माणूस एखाद्या जिनच्या वाचनालयात महिन्यातून एकदा बसला पाहिजे, पोरांसमोर, जाण्या-येण्याचं भाडं आणि मानधन देऊन. त्यांना विचारलं. म्हणाले, "बोलवा तं खरं."

आर्वीच्या गावाला तसं कळवलं आहे. अवसायकाकडचा अर्ज या आठवड्यात जातोय, भाडेपट्टा दीर्घ मुदतीचा मागितला आहे. दादा होळीच्या आधी एक छोटी दंडार तिथं बसवणार आहेत, पत्रे सुरक्षित उतरले तरच. वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला या भागात कुणाच्या घरी जिनची किंवा प्रेसची हजेरीपत्रकं, मजुरीच्या वह्या, वजनकाट्याच्या पावत्या, आवारात काढलेले फोटो असतील, तर ते रद्दीत घालू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा, नावं वाचून घ्या, आणि पानामागे पेन्सिलनं लिहून ठेवा.